सातचा फोन

“सर, निदान आज तरी नका ना जाऊ,” मी म्हणाले.

डॉ. जगदाळे तंबूच्या दाराशी एका पायावर उभे राहून बुटातली वाळू झाडत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, दुसरा बूट काढला, तोही झाडला.

“अर्ध्या तासात येतो. तुम्ही नॉब सोडू नका, दीक्षित. आणि रेड्डींना म्हणावं, कूलरवर लक्ष ठेवा.”

“आज शेवटचा दिवस आहे, सर.”

“माहीत आहे मला.”

आणि गेले की! जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तंबूच्या दारातून धुळीचा लोट आत आला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांचा आमचा प्रकल्प त्या संध्याकाळी जगणार की मरणार ते ठरायचं होतं, आणि प्रकल्पप्रमुख निघाले होते ढाब्यावर.

राजस्थानच्या सीमेजवळ, वाळूच्या एका टेकाडामागे आमचा तळ पडला होता. जानेवारी महिना. दुपारी ऊन चटके द्यायचं आणि दिवस कलला की दात वाजायला लागायचे. पुण्याच्या प्रयोगशाळेतून आम्ही तिघं आलो होतो: प्रमुख म्हणून डॉ. वसंत जगदाळे, गारव्याची यंत्रणा सांभाळणारे रेड्डी आणि मी. लष्कराच्या बाजूनं मेजर चंदेल आणि त्यांचा एक रेडिओ ऑपरेटर. त्या सगळ्या मुलखात मराठी कळणारी माणसं दोनच, सर आणि मी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आमचं काम काय होतं ते साध्या शब्दांत सांगते. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याला खेटून उभं राहायचं आणि पलीकडच्या फुटपाथवरची कुजबुज ऐकायची, जमेल का? सैन्याला नेमकं तेच करावं लागतं. स्वतःचाच दांडगा ट्रान्समीटर शेजारी गर्जत असतो आणि त्याच वेळी लांबून येणारी एखादी बारीक हाक ऐकायची असते. मध्ये चाळण लागते, तिला फिल्टर म्हणतात. पण साधी चाळण कोंड्याबरोबर पीठही खाते. गोंगाट अडवता अडवता ती हाकही त्यात विरून जाते. आमची चाळण अतिवाहक पदार्थाची होती. छोट्याशा तुकड्यावर एक काळा पातळ थर, उणे दोनशे अंशांच्या आसपास गार केला की विजेला अडवणंच सोडून देतो. हाक जशीच्या तशी पार होते. वर नीलमची एक चकती. ती केसाच्या जाडीइतकी वरखाली केली की चाळण दुसऱ्या स्टेशनवर सरकते. ती चकती हलवणारा नॉब माझ्या हातात असायचा, आणि त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

आधीच्या खेपेला दिल्लीच्या समितीनं आम्हाला पार तोंडघशी पाडलं होतं. “ट्रान्समीटर तुमचा, बोलणारा माणूस तुमचा, वाक्यही तुम्हीच ठरवलेलं. ऐकू आलं म्हणता, ते कशावरून?” म्हणून या वेळी अट घातली होती. टेपरेकॉर्डर मेजरचा, कॅसेट मेजरची. तंबूत जे काही ऐकू येईल ते सलग टेप व्हायचं, एकही काप नाही. कापलेली टेप समिती ऐकणारसुद्धा नव्हती. आणि या खेपेला जमलं नाही तर प्रकल्प बंद, माणसं इकडेतिकडे. या फिल्टरपायी मी माझं लग्न दोनदा पुढे ढकललं होतं. घरचे म्हणायचे, “त्या डब्याशीच लाव लग्न.”

दोन दिवस स्पीकरमधून नुसती खरखर ऐकत बसलो होतो. शेजारी लष्कराचा ट्रक उभा होता, त्यातल्या ट्रान्समीटरला आम्ही ‘भोंगा’ म्हणायचो. तो चालू झाला की स्पीकरमधून जातं फिरल्यासारखा आवाज यायचा आणि त्याखाली सगळं गडप. कूलरच्या थरथरीनं आमची चकती जागेवर राहत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी रेड्डींनी कूलरखाली चक्क स्वतःची गादी घडी करून घातली तेव्हा कुठे ती थरथर कमी झाली. आता कुठे आशा वाटायला लागली होती, आणि सर चालले होते!

“आपके साहब फिर चले?” मेजर चंदेल म्हणाले. उंचापुरा, मोकळ्या मनाचा माणूस.

“सात बजे का मुहूर्त है उनका, सर,” मी म्हणाले. “टळ नहीं सकता.”

मेजर हसले. माझं हिंदी ऐकूनही हसले असतील. मला काय, हसणारं माणूस मिळालं की माझी गाडी सुसाट सुटायची. पुण्यातही तेच. पावणेसातला सर केबिनला कुलूप लावायचे, मग आभाळ कोसळो. “सात वाजले, सर पळाले” अशी आमच्या कँटीनमध्ये म्हणच पडली होती. कुणी म्हणे भिशी आहे, कुणी म्हणे पत्त्यांचा अड्डा, कुणी म्हणे बुवाच्या नादी लागलेत. त्यांची नक्कल करावी तर मीच करावी. इस्त्री केलेलं मराठी, बारीकसा खोकला आणि दर तिसऱ्या वाक्यामागे “बरं का”. लोक खुर्चीवरून पडायचे. इथे ते रोज जीप घेऊन ढाब्यावर जात. तिथे मिठाई बरी मिळते, असं मीच पहिल्या दिवशी पिल्लू सोडून दिलं होतं.

तर त्या संध्याकाळी मेजरनी टेप चालू केली, भोंगा चालू झाला, आणि मी नॉबला हात लावला. मनात सरांच्या नावानं बोटं मोडत होते, त्यामुळे हात जरा जोरातच फिरला. ठरलेल्या स्टेशनची खूण मागे पडली. परत फिरवणार, तेवढ्यात जात्याची घरघर एकदम थांबली. भोंगा बंद पडला असं वाटून मी बाहेर डोकावले, तर ट्रकवरचा तांबडा दिवा चालूच. आणि स्पीकरमधून, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ, एका पुरुषाचा आवाज आला.

“…जेवलीस का पर? …आगं, दोन घास तरी खायाचं. …औषीद घेतलंस?”

मेजर ताडकन उठले. फिल्टर बाजूला काढायचा एक खटका होता, तो त्यांनी दाबला. घर्रर्र! परत सोडला. आवाज. पुन्हा दाबला. घर्रर्र. लहान मुलानं दिव्याच्या बटणाशी खेळावं तसं त्यांचं चाललं होतं.

“कमाल है!” ते ओरडले. “यह तो कमाल है! कौन सी ज़बान है?”

“मराठी, सर.”

“मराठी? यहाँ?”

मीही चक्रावले होते. मी मूळची वाईची, हे साताऱ्याकडचं खेड्यातलं बोलणं मी लहानपणापासून ऐकलेलं. पण या वाळवंटात? तेवढ्यात तो आवाज बारीकसा खोकला आणि म्हणाला, “रडू न्हाई, बरं का.”

“अगं बाई!” मी टाळीच वाजवली. “सर, ये तो हमारे साहब हैं!”

मग उलगडा झाला. त्या ढाब्यापर्यंत टेलिफोनची तार नव्हतीच. मालकानं कुठूनसा एक लांब पल्ल्याचा कॉर्डलेस आणला होता. फोनची पेटी गावातल्या भावाच्या दुकानात, आणि हातातला संच इथे ढाब्यावर, बाभळीवर बांधलेल्या एरियलखाली. परवाना कसला नि काय कसला. मधलं सगळं बोलणं हवेतून जायचं. आमच्या चाळणीनं त्यातली ढाब्याकडची बाजू पकडली होती. सरांचं ऐकू येत होतं, पलीकडचं नाही.

“डॉक्टर साहब?” मेजर खुर्ची ओढून पुढे बसले. “किससे बात कर रहे हैं? क्या बोल रहे हैं, बताइए!”

आता मला सांगा, मी गप्प बसायला नको होतं? कुणाचं खासगी बोलणं ऐकू नये, हे काय कुणी शिकवावं लागतं? पण दोन दिवसांचा शीण, यशाची झिंग, आणि समोर हसायला आतुर माणसं. मी सुरूच झाले. सरांच्या आवाजात, मान हलवत, साभिनय.

“पूछ रहे हैं, खाना खाया क्या? रोना मत, बोल रहे हैं!”

ऑपरेटरनं शीळ घातली. रेड्डी म्हणाले, “मिसेस होगी.”

“छे हो,” मी म्हणाले. “वाइफ के साथ ऐसा नहीं बोलते. ‘हो, नाही, ठेवतो’, बस!”

स्पीकरमधून आवाज आला, “आनंदाच बोलतोय न्हवं मी? …मंग? आनंदाला इसरलीस व्हय?”

“नाम बदल के बोल रहे हैं!” मी किंचाळलेच. “आनंदा! कह रहे हैं मैं आनंदा हूँ!”

तंबू हसण्यानं दणाणला. सर पुढे म्हणत होते, “फौजंतल्या मानसाला रजा आशी लगीच गावती व्हय? …सीमेवर हाय न्हवं मी. हितं नुसती वाळू, बग. …गोळीबार? न्हाई, आता थांबलाय.”

“कह रहे हैं मैं फौज में हूँ, बॉर्डर पे हूँ, छुट्टी नहीं मिलती!”

“अरे वाह!” मेजरनी टेबलावर थाप मारली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्यांच्या. “वर्दी हमारी और इश्क डॉक्टर साहब का!”

मी तोंडावर रुमाल धरून हसत होते. चष्मा लावलेले, पोट थोडं सुटलेले आमचे सर, नाव बदलून, शिपाई होऊन कुणा बाईला थापा मारतायत! कँटीनला आता हे वर्षभर पुरणार होतं. आणि तेवढ्यात ते म्हणाले:

“वसंता? …त्याचं काय? …आगं आई, आसं नगं म्हनू. त्यो रोज तुझ्यापाशीच आसतोय. …त्योच की, चष्मेवाला. सकाळचं तुला दूध देतोय बग, त्योच वसंता तुजा. तुला वळकू येत न्हाई त्यो.”

माझा रुमाल तोंडावरच राहिला.

“…न्हाई म्हंतीस? …कोन परका मानूस हाय? …बरं. बरं, परका तर परका. पर त्याच्या हातचं दूध पीत जा, आई. …मी? येनार की. आनंदा येनार म्हंजे येनारच.”

सरांच्या केबिनमध्ये एक फोटो होता. गणवेशातला कोवळा पोरगा, मिशी नुकती फुटलेली, चंदनाचा हार. खाली लिहिलेलं होतं: शिपाई आनंदा जगदाळे, १९७१. सरांचा थोरला भाऊ. तो फोटो मी रोज पाहत होते. त्याच्यासमोर बसून मी रजेचे अर्ज लिहिले होते.

“आगे?” मेजर म्हणाले. ते अजून हसतच होते. “आगे क्या बोले?”

सगळे माझ्याकडे बघत होते, पुढचा विनोद ऐकायला.

“माँ है, सर,” मी म्हणाले. “माँ से बात कर रहे हैं. भाई बन के. वो भाई… लड़ाई में गए थे, इकहत्तर में. माँ को याद नहीं.”

हसणं कसं थांबलं ते मला आजही आठवतं. एकदम नाही थांबलं. आधी मेजरचं, मग ऑपरेटरचं, आणि रेड्डींना समजायला थोडा वेळ लागला म्हणून ते एकटेच क्षणभर हसत राहिले. मेजरनी स्पीकर बंद करायला हात पुढे केला आणि टेपच्या फिरणाऱ्या चाकांकडे पाहून मागे घेतला. टेप सलग हवी होती. आम्ही चार माणसं माना खाली घालून एका मुलाचं त्याच्या आईशी बोलणं शेवटपर्यंत ऐकत बसलो.

“ठेवतो, आई. उद्याच्याला सात वाजता. फोनपाशी बस, बरं का.”

थोड्या वेळानं जीप आली. सर आत आले, हातात ढाब्यावरची बालूशाही, वर्तमानपत्रात बांधलेली. मी मिठाईचं पिल्लू सोडलेलं त्यांच्या कानावर गेलं असावं, रोज आणायला लागले होते.

“काय झालं?” त्यांनी आमची तोंडं पाहिली. “बंद पडलं?”

“नाही, सर,” मी म्हणाले. “चाललं.”

“चाललं? मग अशी सुतकी तोंडं काय करून बसलात? काय ऐकलंत?”

रेड्डी बिचारे सरळ माणूस, म्हणाले, “व्हेरी क्लिअर व्हॉइस, सर,” आणि तिथेच थांबले. सरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, टेप मागे फिरवली आणि बटण दाबलं.

टेपमध्ये नुसता त्यांचा आवाज नव्हता. तंबूत जे झालं ते सगळं होतं. त्यांचं “जेवलीस का पर”, आणि त्यावर माझं हिंदी, त्यांच्याच आवाजाची नक्कल करून. ऑपरेटरची शीळ. टेबलावरची थाप. माझी किंकाळी: नाम बदल के बोल रहे हैं! ते उभ्यानं ऐकत होते. एका हातात बालूशाहीचा पुडा तसाच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी खरोखर कळलं. धरणी काही दुभंगत नाही. आपल्याला तिथेच उभं राहावं लागतं.

टेप संपली. सरांनी बटण बंद केलं.

“भोंगा चालू होता ना?”

“पूर्ण ताकदीनं, सर.”

“मग खरखर अजिबात नाही,” ते म्हणाले. “काम झालं.”

मेजर उठून उभे राहिले होते. “डॉक्टर साहब, यह टेप नहीं जाएगी. कल दूसरी बनाएँगे.”

“कल न हुआ तो?”

“तो इतना हिस्सा काट देते हैं.”

“कटी हुई टेप कोई नहीं मानेगा, मेजर साहब. जैसी है, वैसी भेजिए.” आणि पुडा टेबलावर ठेवून ते मला म्हणाले, “वाटा सगळ्यांना.”

मी त्यांच्यामागोमाग तंबूबाहेर गेले. “सर, मला माहीत नव्हतं…”

“माहीत असतं तर हसला नसतात, ते कळतं मला.” ते वाळूकडे बघत होते. “पुण्यात मी कोपऱ्यावरच्या बूथवरून करतो फोन. माझ्याच घरी. ती समोरच्या खोलीत असते आणि मी रस्त्यावरून सांगतो, सीमेवर आहे. जीभ अडखळते हो. एकदा दिल्लीहून फोन केला होता, तिनं उचलला आणि म्हणाली, आनंदा? मी हो म्हणालो. एकदाच म्हणायचं होतं. …इथून बोलताना बरं वाटत होतं, दीक्षित. निदान सीमेवर आहे एवढं तरी खरं होतं.”

ती टेप पुढे दिल्लीला गेली. मोठ्या हॉलमध्ये वाजली. जे आमच्या तंबूत झालं तेच तिथे झालं: आधी हशा, माझ्या नकलेला चांगलाच, मग ती शांतता. मग कुणीतरी घसा खाकरून फिल्टरच्या वजनाबद्दल प्रश्न विचारला. सर पहिल्या रांगेत बसून उत्तरं देत होते. प्रकल्प मंजूर झाला, टाळ्या वाजल्या, आणि मला मान वर करवेना. लोक माझं अभिनंदन करत होते, नॉब माझ्या हातात होता म्हणून.

पण ते नंतरचं. तळावरचं अजून संपलेलं नाही. मेजरनी आणखी काही दिवस चाचण्या घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या संध्याकाळी पावणेसात झाले, तरी सर टेबलावरून उठले नाहीत. चिमट्यानं एक बारीक तार धरून बसले होते. घड्याळ मनगटावर नव्हतं.

“सर, जीप बाहेर आहे,” मी म्हणाले.

“नको.”

सात वाजून गेले. ढाबेवाल्याचा तो कॉर्डलेस बेकायदा होता, मेजरनी तो खरं तर जप्त करायला हवा होता. त्यांनी मुद्दाम मला ऐकू जाईल असं ऑपरेटरला सांगितलं, आपला तळ हलेपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. सरांनीही ऐकलं असणार. हलले नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी धीर केला. “सर, आज तरी जा. वाट बघत असतील त्या.”

“मला वाटतं जावंसं. पण तोंड उघडलं की ती टेपच ऐकू येते कानात.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आनंदाचा आवाज येत नाही आता मला.”

असं म्हणून ते कामाला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी पदरात घेतल्या असत्या. काहीच नाही. मी जीपवाल्याला बॅटऱ्या आणायच्या म्हणून सांगितलं आणि ढाब्यावर गेले. बाभळीखाली खाटेवर बसून सरांच्या घरचा नंबर लावला.

“अगं, दीक्षित तू? बरं झालं बाई!” जगदाळे वहिनी म्हणाल्या. “हे बरे आहेत ना? काल फोन नाही. इकडे सासूबाई कालपासून स्टुलावरून उठल्या नाहीत. फोनपाशी बसल्यात, अन्नाला शिवत नाहीत. काम फार आहे का गं?”

“वहिनी, माझ्यामुळे…” मी सुरुवात केली, पण पलीकडे झटापट झाली. वहिनी म्हणत होत्या, “अहो, थांबा, थांबा जरा,” आणि मग एक म्हातारा, चिरका आवाज थेट कानात आला.

“आनंदा?”

“आजी, मी दीक्षित. ऑफिसातली.”

“कुनाच्या हापिसातली?”

काय सांगणार? मी डोळे मिटले आणि म्हणाले, “आनंदाच्या.”

“मंग त्याला म्हनावं, काल फोन का न्हाई केला? लागलंबिगलं न्हाई न्हवं त्याला कुटं? खरं सांग.”

“नाही आजी. बरे आहेत ते.”

“बरं हाय म्हंतीस तर बरं. देवच पावला.” ती दम घ्यायला थांबली. मला वाटलं, संपलं. मग हळू आवाजात, वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून असेल, ती म्हणाली, “आनि आयक. हितं एक चष्मेवाला मानूस हुता. सकाळचं दूध द्यायचा मला. त्यो बी लई दिस झालं दिसला न्हाई. भला हुता बिचारा. त्याचा बी तपास कर, पोरी.”

ढाबेवाला पैसे मागायला आला तो माझ्याकडे बघून तसाच परत गेला. मी हुंदके देऊन रडत होते. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि पुढेही नाही.

तळावर परत आले तेव्हा सूर्य टेकाडामागे गेला होता. सर तसेच टेबलाशी. मेजर आणि रेड्डी स्पीकरजवळ. भोंगा चालू होता. मी सरळ सरांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“सर, दोन निरोप आहेत.”

“कुणाचे?”

“आईंचे. एक आनंदासाठी. काल फोन का आला नाही, लागलं तर नाही ना, विचारलंय. स्टूल टाकून फोनपाशी बसल्यात.”

त्यांनी चिमटा खाली ठेवला. “आणि दुसरा?”

“दुसरा चष्मेवाल्या माणसाचा. सकाळी दूध द्यायचा, तो बरेच दिवस दिसला नाही म्हणाल्या. त्याचा तपास करायला सांगितलाय.”

सर माझ्याकडे वळले.

“असं म्हणाली?”

“भला हुता बिचारा, असं म्हणाल्या.”

नक्कल करायची नाही असं मी मनाशी ठरवून आले होते. पण ते शब्द त्यांच्या आईचेच होते, मला ते दुसऱ्या कसल्या मराठीत सांगता आले नाहीत. सरांनी मान फिरवली. मग उठले, खिशातलं घड्याळ काढून मनगटावर बांधलं, दारात जाऊन एका पायावर उभे राहिले आणि बुटातली वाळू झाडायला लागले.

“दीक्षित.”

“सर?”

“मी येईपर्यंत यंत्र बंद ठेवा.”

जीप गेली. मेजरनी माझ्याकडे पाहिलं. “क्या कहा डॉक्टर साहब ने?”

पुन्हा एकदा मलाच सांगायचं होतं, सरांचं बोलणं हिंदीत. मी सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. मेजरनी मान डोलावली, ऑपरेटरला हाक मारून भोंगा बंद करायला लावला आणि एरियलची तार स्वतःच्या हातानं उपटून काढली. रेड्डींनी कूलर बंद केला. पुन्हा गार व्हायला अख्खी रात्र जाणार होती. आम्ही बाहेर येऊन वाळूत बसलो. सात वाजत आले होते.